वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज कसा पोचवावा

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, जुलै महिन्यातल्या एका संध्याकाळी, शाळा सुटण्यापूर्वी मी सातवीच्या वर्गाला सांगितले, "उद्या शाळा भरणार नाही." कोकणातली शाळा, वर पन्हाळी पत्रे आणि पत्र्यांवर कोसळणारा पाऊस. पुढच्या तीन ओळींतल्या मुलांनी आनंदाने दप्तरे आवरली. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकांवर बसणारी चार मुले लांबच्या वाडीतून, ओढा ओलांडून शाळेपर्यंत आली आणि दाराला कुलूप पाहून भिजत परत गेली. त्यांनी "उद्या शाळा भरणार" एवढेच ऐकले होते. माझा आवाज त्यांना ऐकू आला होता, पण "नाही" हा शब्द पत्र्याच्या आवाजात विरून गेला होता.

त्यानंतरच्या बत्तीस वर्षांत मी शिकवले, हौशी नाटकांतून कामे केली, नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांकडून आवाजाचा सराव करून घेतला, आणि या साऱ्यातून माझे एक मत पक्के झाले. शेवटच्या बाकापर्यंत आवाज बहुधा जातोच. वाटेत गळतात ती व्यंजने आणि वाक्यांचे शेवट. मराठीत हे विशेष महागात पडते, कारण आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार तर त्याच्याही मागे येतो. "हे गणित वहीत सोडवू नका", "उद्या फी आणायची नाही", "त्या बाजूला जायचे नव्हते" या सगळ्या वाक्यांचा जीव शेवटच्या शब्दात असतो आणि नेमक्या त्याच ठिकाणी बोलणाऱ्याचा श्वास संपत आलेला असतो. म्हणून आवाज पोचवण्याचा विचार करताना तो किती मोठा आहे, यापेक्षा तो वाक्याच्या शेवटापर्यंत टिकतो की नाही, हे आधी पाहावे.

ओरडल्याने काम का होत नाही

आवाज स्वरयंत्रात तयार होतो. फुप्फुसांतून वर येणाऱ्या हवेमुळे दोन स्वरतंतू एकमेकांवर आपटतात आणि विलग होतात. साधारण बोलताना पुरुषांमध्ये हे सेकंदाला सुमारे १२० वेळा आणि स्त्रियांमध्ये सुमारे २०० वेळा घडते. म्हणजे एखाद्या शिक्षिकेच्या तोंडून दिवसभरात मिळून प्रत्यक्ष एक तास आवाज निघाला असे धरले, तरी तिचे स्वरतंतू सात लाखांहून अधिक वेळा एकमेकांवर आपटलेले असतात. आपण ओरडतो तेव्हा पट्टी वर चढते, म्हणजे आघातांची संख्या वाढते, आणि दाबही वाढल्यामुळे प्रत्येक आघात अधिक जोराचा होतो. शिक्षकांचा घसा इतरांपेक्षा लवकर बसतो याचे कारण इतके सरळ आहे.

दुसरी अडचण अंतराची आहे. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. एका मीटरवर ६० डेसिबल ऐकू येणारे नेहमीचे बोलणे आठ मीटरवर सुमारे ४२ डेसिबल उरते. वर्गात भिंती आवाज परत फिरवतात म्हणून घट इतकी होत नाही, परंतु तिथे पंखे असतात, बाकांची खरखर असते, शेजारच्या वर्गात मोठ्याने म्हटले जाणारे पाढे असतात. या गोंगाटात स्वर टिकतात, कारण त्यांच्यात ऊर्जा अधिक असते. त्, स्, फ्, क्, श् यांसारखी मुळातच दुबळी व्यंजने मात्र बुडतात, आणि शब्द ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांवरून. ओरडल्याने स्वर आणखी फुगतात, व्यंजने जिथल्या तिथे राहतात, आणि मागच्या मुलाला मोठा पण अस्पष्ट आवाज ऐकू येतो.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणल्यापासून कित्येक दशके मराठी नाटक ध्वनिक्षेपकाविना चालले. त्या परंपरेतून 'शब्दफेक' हा आपल्या नाटकवाल्यांचा शब्द आजही टिकून आहे, आणि तो अतिशय नेमका आहे, कारण फेकायचा असतो तो शब्द. नुसता आवाज फेकून भागत नाही.

श्वास: बेंबीच्या देठापासून

जोराने हाक मारणाऱ्याला आपण "बेंबीच्या देठापासून ओरडला" असे म्हणतो. भाषेने जागा बरोबर दाखवली आहे. आपण मात्र प्रत्यक्षात घशापासून ओरडतो. आवाजाला बळ द्यायचे ते खालून, श्वासपटल, खालच्या बरगड्या आणि पोटाचे स्नायू यांच्या मदतीने, आणि घसा शक्य तितका मोकळा ठेवायचा, हा या सगळ्या अभ्यासाचा पाया आहे.

सतरंजीवर उताणे झोपावे, गुडघे वाकवून तळपाय टेकवावेत आणि बेंबीवर एक जाडसर पुस्तक ठेवावे. नाकाने श्वास घेताना पुस्तक वर आले पाहिजे आणि सोडताना खाली गेले पाहिजे. छाती आणि खांदे जवळजवळ स्थिर राहिले पाहिजेत. हे जमले की उभे राहून दोन्ही हात कमरेच्या वर, शेवटच्या बरगड्यांवर ठेवावेत आणि तोच श्वास घ्यावा. हातांना बाजूला ढकलल्यासारखे वाटले म्हणजे श्वास योग्य जागी गेला. बहुतेक जण या वेळी खांदे उचलतात. खांदे उचलून घेतलेल्या श्वासात मान आणि घसा आधीच ताणले जातात, म्हणून आरशासमोर सराव करावा.

मग तोच श्वास "स्‌‌‌‌ऽऽऽ" असा आवाज करत एकसारख्या धारेने सोडावा आणि घड्याळाकडे पाहावे. सुरुवातीला दहा-बारा सेकंदांतच धार थरथरू लागते. रोज पाच वेळा केल्यास काही आठवड्यांत वीस-पंचवीस सेकंदांपर्यंत जाता येते. इथे सेकंदांपेक्षा धारेच्या एकसारखेपणाला महत्त्व द्यावे. पहिल्या तीन सेकंदांत निम्मी हवा उधळून टाकण्याची सवय असेल, तर वाक्याचा शेवट कधीच ऐकू जाणार नाही.

उभे राहण्याबद्दल थोडेच सांगणे पुरे. दोन्ही पायांवर सारखा भार, गुडघे ताठ आवळलेले नाहीत, हनुवटी जमिनीला समांतर. लांबच्या माणसाशी बोलताना हनुवटी आपोआप वर उचलली जाते आणि तिच्याबरोबर कंठमणीही वर खेचला जातो. कंठमण्यावर हलकेच बोट ठेवून बोलून पाहिले की ही चूक लगेच कळते.

आपली पट्टी आणि घुमारा

प्रत्येक घशाची एक सोपी पट्टी असते. कोणी काही सांगत असताना आपण ऐकत असल्याची खूण म्हणून सहज "हं… हं" म्हणतो, तो स्वर बहुधा त्या पट्टीच्या जवळपास असतो. वर्गात पाऊल टाकताच कित्येक शिक्षक, विशेषतः शिक्षिका, या पट्टीच्या बऱ्याच वर चढून बोलू लागतात, आणि काही पुरुष भारदस्त वाटावे म्हणून मुद्दाम खाली उतरून घसा दाबतात. दोन्ही सवयी सारख्याच घातक आहेत. सकाळी वर्गावर जाण्यापूर्वी पाच-सहा वेळा "हं" म्हणून ती पट्टी शोधावी आणि पहिले वाक्य तिथूनच सुरू करावे.

त्या पट्टीवर ओठ मिटून, दात एकमेकांना न लावता, "म्‌ऽऽऽ" असा गुंजारव करावा. ओठांना आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना मुंग्या आल्यासारखी थरथर जाणवली पाहिजे. ती घशात जाणवत असेल तर आवाज कमी करावा, म्हणजे थरथर हळूहळू पुढे सरकते. मग तोंड उघडून "म्‌ऽऽमा", "म्‌ऽऽमी", "म्‌ऽऽमो" असे म्हणत ती थरथर टिकवून ठेवावी, आणि शेवटी साधी वाक्ये त्याच ठिकाणाहून बोलावीत: "मुलांनो, मराठीचे पुस्तक उघडा." या घुमाऱ्यामुळे घशाचे श्रम न वाढवता आवाज भरीव होतो. मानवी कान २,००० ते ५,००० हर्ट्झ या टापूत सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि पुढच्या बाजूला घुमणाऱ्या खणखणीत आवाजात याच टापूतली ऊर्जा अधिक असते. खर्जाचा रियाझ करणारे गायक आणि जुने नट ज्याला 'आवाज लागला' म्हणतात, ते बऱ्याच अंशी हेच असते.

घसा थकलेला असेल तेव्हा यापेक्षाही सौम्य उपाय आहे. अर्धा पेला पाणी घ्यावे, नेहमीच्या सरबताच्या नळीचे टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवावे आणि नळीतून "ऊऽऽ" असा आवाज काढावा. पाण्यात एकसारखे बुडबुडे उठले पाहिजेत. ते मध्येच थांबले किंवा उसळले तर श्वासाची धार तुटते आहे असे समजावे. नळीमुळे तोंडात हवेचा हलका दाब तयार होतो, त्यामुळे स्वरतंतू कमी जोराने आदळतात आणि त्यांना विनाश्रम हालचाल मिळते. दोन तासिकांच्या मध्ये दोन मिनिटे हे केले तरी दुपारनंतरच्या आवाजात फरक पडतो. मी नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत पेला आणि नळी शिक्षक-खोलीतल्या माझ्या कपाटात कायम ठेवत असे, आणि हे मला आधी का कळले नाही याची आजही खंत वाटते.

शब्द आणि वाक्याचे शेपूट

तोंड पुरेसे उघडणे ही पहिली गोष्ट. "आ" म्हणताना दातांच्या मधोमध उभी दोन बोटे मावली पाहिजेत. आपल्याकडे पुष्कळ जण जबडा जवळजवळ मिटूनच बोलतात, आणि मिटल्या तोंडातून शब्द बाहेर पडत नाहीत. दातांत पेन्सिल धरून बोलण्याचा एक जुना सराव अनेक ठिकाणी सांगितला जातो. तो मी कोणाला सुचवत नाही, कारण त्याने जबडा आवळण्याचीच सवय लागते.

व्यंजनांसाठी लहानपणीच्या उखाण्यांसारख्या ओळी उपयोगी पडतात. "कच्चा पापड, पक्का पापड" किंवा "काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले" या ओळी भरभर म्हणून दाखवण्याची शर्यत न लावता संथ लयीत, प्रत्येक व्यंजन वेगळे ऐकू येईल असे म्हणाव्यात. महाप्राण अक्षरांकडे विशेष लक्ष द्यावे. "सात", "साठ" आणि "साथ" हे शब्द पहिल्या बाकावर सहज वेगळे कळतात; शेवटच्या बाकावर त्यांतला फरक फक्त शेवटच्या व्यंजनावर अवलंबून असतो, आणि मराठीत शब्दान्तीचा अकार उच्चारला जात नसल्यामुळे त्या व्यंजनाला आधार द्यायला पुढे स्वरही नसतो. पानाचा क्रमांक सांगताना एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांच्यात गोंधळ होतो, कारण तिन्हींची सुरुवात सारखीच असते आणि फरक शब्दाच्या उत्तरार्धातच असतो. महत्त्वाचा आकडा सांगताना तो शब्दाने सांगून लगेच अंकांनीही सांगावा: "पान एकोणसत्तर. सहा, नऊ."

आता वाक्याच्या शेवटाचा सराव. हा मी त्या जुलैतल्या प्रसंगानंतर स्वतःसाठी तयार केला. वाक्य शेवटाकडून सुरू करायचे:

"नाही."
"भरणार नाही."
"शाळा भरणार नाही."
"उद्या शाळा भरणार नाही."

पहिल्या वेळी "नाही" हा शब्द ज्या ताकदीने उच्चारला गेला, त्याच ताकदीने तो चौथ्या वेळीही उच्चारला गेला पाहिजे. वाक्य लांब होत जाते तसा श्वास कुठे कमी पडतो, हे यातून नेमके उमगते. उपाय दोनच आहेत: आधीच पुरेसा श्वास घेणे, किंवा वाक्य मध्ये तोडून तिथे श्वास घेणे. "ज्यांनी अजून प्रयोगवही पूर्ण केलेली नाही / त्यांनी शनिवारी / शाळा सुटल्यावर थांबायचे आहे" असे तिरप्या रेघांवर थांबत बोलावे. थांबल्याने वेळ जातो अशी भीती बाळगू नये. मोठ्या खोलीत आधीच्या शब्दाचा निनाद विरायला क्षणभर लागतो. मुले बसलेली असली की त्यांचे कपडे आणि अंगे आवाज शोषतात, परंतु रिकाम्या सभागृहात केलेल्या सरावात हा निनाद फार जाणवतो आणि बोलणे आणखी संथ करावे लागते.

फळ्याकडे तोंड करून कधीही बोलू नये. जाड, खालचे आवाज कसेही पसरतात. व्यंजनांचे बारीक, वरचे आवाज मात्र तोंड ज्या दिशेला असेल त्याच दिशेने अधिक जातात. त्यामुळे पाठमोऱ्या शिक्षकाचा आवाज येतो, पण शब्द येत नाहीत, शिवाय ओठही दिसत नाहीत. आधी लिहावे, खडू खाली ठेवावा, वळावे आणि मग बोलावे.

आपण कसे ऐकू येतो हे स्वतःला कळत नाही, म्हणून परीक्षा दुसऱ्याकडून घ्यावी. शाळा सुटल्यावर एखाद्या सहकाऱ्याला शेवटच्या बाकावर कागद-पेन्सिल देऊन बसवावे, पंखे चालू ठेवावेत आणि सात, साठ, साथ, पास, फास, घाट, खाट, करतो, करतोस, करा, करू नका असे वीस-पंचवीस शब्द कसल्याही क्रमाने, ओरडल्याशिवाय वाचावेत. "ऐकू आले का?" असे विचारू नये, कारण सहकारी भिडेखातर हो म्हणेल. त्याने ऐकलेले लिहून काढावे आणि मग याद्या ताडून पाहाव्यात. कोणती अक्षरे चुकली यावरून पुढच्या आठवड्याचा सराव ठरतो. कोणी सोबत नसेल तर शेवटच्या बाकावर मोबाइल ठेवून ध्वनिमुद्रण करावे.

पाऊस, मैदान आणि माइक

भोवतालचा आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ साली हे निदर्शनास आणले आणि आजही त्याच्याच नावाने ते ओळखले जाते. वर्गात हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते: मुले मोठ्याने बोलतात म्हणून शिक्षक ओरडतात, आणि शिक्षक ओरडतात म्हणून मुले अधिक मोठ्याने बोलतात. चक्र तोडायचे तर शिक्षकानेच थांबावे. टेबलावर दोनदा डस्टर आपटावे, टाळी वाजवावी किंवा हात वर करून उभे राहावे; शांतता झाल्यावर नेहमीच्या पट्टीत, थोडे खालीच, सुरुवात करावी. वर्ग गप्प करण्यासाठी आवाज वापरणे म्हणजे दिवसभराची पुंजी सकाळीच उधळणे आहे.

पत्र्यावर मुसळधार पाऊस पडत असताना कोणताही घसा पुरणार नाही, हे मान्य करावे. त्या वेळी मुलांना लेखनकाम द्यावे, सूचना फळ्यावर लिहाव्यात, किंवा बाके गोळा करून मुलांना जवळ बसवावे. आठ मीटरचे अंतर चार मीटर करणे हा आवाज वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

परिपाठाला मैदानावर बोलताना भिंतींची मदत नसते. तिथे दीर्घ स्वर लांबवावे लागतात. कवायतीचे शिक्षक "साऽऽवधान" म्हणतात तेव्हा उघडा "आ" मैदानभर पसरतो. गल्लीतून जाणाऱ्या भाजीवाल्याची हाकही अशीच लांबवलेल्या स्वरावर चालते. वाक्ये चार-पाच शब्दांचीच ठेवावीत आणि वारा शक्यतो पाठीमागून येईल असे उभे राहावे.

माइक असेल तेव्हा तो वापरावा. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात कमरेला लावायचा छोटा ध्वनिक्षेपक वापरणाऱ्या शिक्षकांकडे काही ज्येष्ठ मंडळी तुच्छतेने पाहतात. ते अत्यंत चूक आहे. घसा हे शिक्षकाचे हत्यार आहे आणि ते जपणे कमीपणाचे नाही. माइक तोंडापासून साधारण वीतभर किंवा त्याहून थोडा जवळ धरावा, संभाषणाच्या आवाजात बोलावे, आणि वाक्याच्या शेवटी मान खाली घालण्याची सवय असेल तर ती आवर्जून मोडावी, कारण वाक्याचे शेपूट गिळले तर माइकही ते उचलून देत नाही.

घशाची निगा

दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे. प्यालेले पाणी किंवा मध स्वरतंतूंना स्पर्श करत नाही, कारण अन्नमार्ग वेगळा आहे. पाण्याचा उपयोग शरीरात ओलावा टिकून राहिल्यामुळे होतो, आणि वाफ मात्र श्वासाबरोबर थेट स्वरतंतूंपर्यंत जाते. खडीसाखर किंवा ज्येष्ठमध चघळल्याने लाळ सुटून घशाला बरे वाटते, तेवढ्यापुरते ते ठीक आहे. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी ज्येष्ठमध वारंवार घेऊ नये, त्याच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढतो. वारंवार खाकरू नये, कारण त्याने स्वरतंतू जोराने घासले जातात. खाकरावेसे वाटले की एक घोट पाणी प्यावे किंवा आवंढा गिळावा. आवाज बसला असताना कुजबुजत बोलण्यानेही ताण पडतो. त्यापेक्षा गप्प राहावे, आणि बोलावेच लागले तर हलक्या, नैसर्गिक आवाजात बोलावे. सर्दी-खोकल्यात बसलेल्या आवाजाने तासिका रेटून नेऊ नयेत.

सरावाचे वेळापत्रक फार मोठे नको. सकाळी झोपून श्वास पाच मिनिटे, गुंजारव तीन मिनिटे, शेवटाकडून म्हटलेली पाच-सहा वाक्ये, आणि दुपारी नळी, एवढे सहा आठवडे नेमाने केले तर फरक मागच्या बाकावरच्या मुलांच्या चेहऱ्यावर दिसू लागतो. सराव करताना घसा दुखला, खवखवला किंवा आवाज चिरका झाला तर जोर घशावर येतो आहे असे समजून तिथेच थांबावे.

आवाज घोगरा होऊन तीन आठवड्यांत सुधारला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. तंबाखू किंवा सिगारेटचे व्यसन असेल, गिळताना त्रास होत असेल, श्वास अडकत असेल, मानेत गाठ जाणवत असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर तीन आठवडेही थांबू नये. सततच्या ताणाने स्वरतंतूंवर येणाऱ्या बारीक गाठी वेळेवर कळल्या, तर पुष्कळदा विश्रांतीने आणि वाणीउपचाराने बऱ्या होतात. उशीर झाल्यामुळे शिकवणे सोडावे लागलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून ही तपासणी सुट्टी लागेपर्यंत पुढे ढकलू नये.